पाहुण्याचा गोपनीय अहवाल

आमच्या कंपनीत कुणी ऑनसाईटला निघालं की त्याच्या संसाराची वाटणी व्हायची. व्हिसा आला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल: एक गादी, एक कुकर, दोन खुर्च्या, कोरफडीची कुंडी, ज्याला हवं त्यानं न्यावं. माणूस अमेरिकेत पोचायच्या आत त्याची हिंजवडीतली खोली रिकामी व्हायची आणि त्याच्या कुकरमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी भात शिजायला लागायचा. मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळत होता, आणि तरी माझ्याकडून चूक ही झाली की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या मेलला मी दोन दिवसांनी उत्तर दिलं. मला त्याची बीनबॅग हवी होती. ती गेली होती. शिल्लक राहिला होता त्याचा सरडा.

सरडा म्हटलेलं सहकाऱ्याला आवडायचं नाही. बिअर्डेड ड्रॅगन म्हणायचं. मूळ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, पण हा जन्मला होता पिंजऱ्यातच, वय वर्षाच्या आत. शेपटीसकट माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, वाळूच्या रंगाचा, अंगावर काटे दिसायचे पण हाताला मऊ लागायचे. गळ्याखाली काटेरी झालर होती. राग आला की ती फुगायची आणि काळी पडायची, म्हणून हा दाढीवाला.

"फक्त तीन महिने," सहकारी म्हणाला. ऑनसाईटला जाणारा प्रत्येक जण तीन महिनेच म्हणतो. आणि समोरचाही ते खरं मानल्यासारखं दाखवतो.

मी सरड्याला बुटांच्या खोक्यात घालून कंपनीच्या बसमध्ये चढले. हिंजवडी ते येरवडा म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं, दोन तास कुठे गेले नाहीत. खोक्याला भोकं बघून ड्रायव्हरनं विचारलं, "म्याडम, आत काय हाय?" मी खरं सांगितलं. तो खोक्याकडे बघत म्हणाला, "मग त्याचं आयकार्ड हाय का? बिगर आयकार्डाचं कुणाला घ्यायचं न्हाई असा रूल हाय." मी माझं कार्ड दोनदा दाखवलं. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

घरी मात्र समाधान होणं अवघड होतं, कारण घरी पप्पा होते.

माझे पप्पा सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. निवृत्त फक्त कचेरीतून झाले. घरात त्यांची सेवा अखंड चालू होती. सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते हॉलमध्ये येत आणि समोर जो दिसेल त्याच्याकडे, आता तुमची फाईल काढू का, अशा नजरेने बघत. आमच्या लहानपणी त्यांच्या स्कूटरचा आवाज जिन्याखाली आला की मी आणि माझा भाऊ टीव्ही बंद करून पुस्तकं उघडायचो. एकदा भावाचं पुस्तक उलटं होतं. पप्पा काही बोलले नाहीत, पुस्तक सुलटं करून आत गेले. त्या न बोलण्याचा धसका आम्ही पुढे दोन वर्षं घेतला होता.

त्यांनी खोक्यात बघितलं. मग माझ्याकडे.

"याचे कागद आहेत का?"

कागद होते. सहकाऱ्यानं एक फाईलच दिली होती. पप्पांनी ती खिडकीपाशी नेऊन पानन् पान वाचली आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. ज्याचे कागद नीट आहेत त्याच्याविषयी पप्पांच्या मनात आपोआप आदर तयार होतो.

"किती दिवस?"

"तीन महिने."

"ठीक आहे. तीन महिने प्रोबेशन. वागणूक समाधानकारक नसेल तर तू त्याची दुसरीकडे सोय करायची. आणि ते इंग्रजी नाव आमच्यात चालणार नाही. पाहुणा आहे, तर पाहुणा म्हणा."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "पाहुणा खातो काय, तेवढं सांगा. म्हणजे मला कळेल मी कुणाकडे पाहुणी जायचं ते."

तो खायचा पाला, फुलं आणि किडे. शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची फुलं आईला मान्य झाली. किड्यांवरून खडाजंगी झाली. अळ्या गव्हाच्या कोंड्यात वाढवायच्या होत्या, आणि आई तर पिठात एक अळी दिसली तर सगळं पीठ फेकून डबा तीन दिवस उन्हात ठेवणारी बाई. "जन्मभर ज्यांना घराबाहेर काढलं," ती म्हणाली, "त्यांचा आता मी कोंडा चाळायचा." तरी आठवड्याभरात तीच कोंडा चाळत होती, कारण माझं चाळणं तिला पसंत नव्हतं. आमच्याकडे कामं अशीच वाटली जातात. आपण ते वाईट करायचं, मग आई ते कायमचं घेते.

पहिले पंधरा दिवस आम्ही पाहुण्याचा स्वभाव ओळखण्यात घालवले आणि प्रत्येक वेळी चुकलो. हॉलमध्ये ठेवलेल्या त्याच्या काचेच्या पेटीत, दिव्याखालच्या दगडावर बसून तो तोंड उघडून राही. आईला वाटे भूक लागली, ती अळी टाकी, तो ढुंकूनही बघत नसे. मग मी वाचलं की त्याला उकडतंय, तोंड उघडून तो उष्णता बाहेर टाकतोय. काचेवर दोन्ही पंजे घासत तो येरझाऱ्या घालायचा. आई म्हणाली, काच पुसतोय बिचारा, शिका काहीतरी. तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिमेवर चिडलेला होता. पेटीला बाहेरून खाकी कागद लावला तेव्हा थांबला.

आणि मग ती सकाळ आली. पप्पा सातला हॉलमध्ये आले, पेटीपुढे ताठ उभे राहिले आणि हात पाठीमागे बांधून पाहुण्याकडे बघू लागले. पाहुणा दगडावर होता. त्यानं पप्पांकडे पाहिलं, उजवा पुढचा पाय हळूच वर उचलला, हवेत गोल फिरवला आणि खाली ठेवला. मग पुन्हा एकदा. अगदी संथ, न घाबरता, न गडबडता, असं आम्हाला वाटलं.

मग पप्पांनीही हात उंचावला आणि गंभीरपणे म्हणाले, "जय भीम."

पाहुण्यानं पुन्हा हात वर केला.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं वातावरणच बदललं. रोज सातला पप्पा पेटीपुढे उभे राहायचे, रोज अभिवादन व्हायचं. मी समोर गेले तर पाहुणा ढिम्म. आई गेली तर तिच्या हातातल्या डब्याकडे बघायचा. हात फक्त पप्पांसाठी वर व्हायचा. पप्पा सोसायटीच्या बाकावर हे सांगायला लागले. खालच्या मजल्यावर शनिवार पेठेतून राहायला आलेले एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "आमच्या पेठेत माणसं ओळख दाखवत नाहीत. तुमच्याकडे सरडे दाखवतात. येरवडा सुधारलं म्हणायचं." पप्पांना याचाही अभिमान वाटला.

महिन्याच्या शेवटी पप्पांनी कपाटातून एक जुनं रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखले. नोकरीत त्यांनी शेकडो लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले होते. साहेबाने हाताखालच्या माणसाचं वर्षाचं मूल्यमापन करून वर पाठवायचं, त्यावर त्याची बढती ठरायची. पाहुण्याचा अहवाल मी त्यांच्या पाठीमागून वाचला.

वक्तशीरपणा: उत्तम. कामाची आवड: दिसून येत नाही. सचोटी व चारित्र्य: संशयास जागा नाही. वरिष्ठांशी वागणूक: अत्यंत अदबशीर. रोज स्वतःहून अभिवादन करतो. एकूण प्रतवारी: चांगला. प्रोबेशन पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही.

पुनर्विलोकन अधिकारी म्हणून खाली आईची सही घेतली होती. तिने शेरा मारला होता: खातो बरा.

मला काय आनंद झाला सांगू. त्या काळात माझं ऑफिसमधलं मूल्यमापन इतकं बेताचं आलं होतं की घरातल्या कुणाला तरी चांगली प्रतवारी मिळाल्याचं मला खरोखर बरं वाटलं. आणि पाहुणा मला आवडायला लागला होता. दोन तासांच्या बसनंतर घरी यावं, तो खांद्यावर चढून कानापाशी पोट टेकवून पडावा, काही विचारू नये, काही सांगू नये. घरातलं दुसरं कुणीच मला एवढं शांत बसू देत नव्हतं. तो जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

मग एका संध्याकाळी बस बाणेरच्या रस्त्यावर तासभर अडकली आणि मी फोनवर ड्रॅगन पाळणाऱ्यांचं एक पान वाचत बसले. तिथे हात फिरवण्याबद्दल लिहिलं होतं. तो नमस्कार नसतो, टाटा नसतो. लहान किंवा दुबळा ड्रॅगन आपल्याहून दांडग्यासमोर असा हात फिरवतो. अर्थ असा की मी छोटा आहे, माझ्यापासून तुम्हाला काही धोका नाही, मला मारू नका.

टेस्टरनं कुणाच्या लिहिण्यावर विश्वास ठेवायचा नसतो. त्या रविवारी पप्पा बाजारात गेलेले बघून मी चाचणी घेतली. पप्पांचा शर्ट घातला, स्टुलावर चढले, हात पाठीमागे बांधून वरून पाहुण्याकडे बघितलं. हात वर. स्टुलावरून उतरून जमिनीवर पालथी पडले आणि काचेशी हनुवटी टेकवली. काही नाही. पुन्हा स्टुलावर. हात वर. पाचदा केलं, पाचही वेळा तेच. सहाव्यांदा मी पालथी असताना आई आली. मी पप्पांच्या शर्टात जमिनीवर पडलेली बघून ती म्हणाली, "तुझंही प्रोबेशन चालू आहे का?"

मी तिला सांगितलं. ती खुर्चीवर बसली, पोट धरून हसली आणि मग एकदम थांबली.

"त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"सांगून बघ तूच."

मी सांगितलं नाही. अहवालातली सगळी मदार त्या एका रकान्यावर होती. अभिवादन गेलं तर पाहुणा जाईल असं मी स्वतःला सांगितलं. रोज सातला मी चहाच्या कपाआडून ते दृश्य बघायचे. पप्पा ताठ उभे, पाहुणा हात फिरवतोय, पप्पा खूश. मला हसू यायचं आणि लगेच लाजही वाटायची. महिना असाच गेला.

डिसेंबर आला आणि पुण्यात थंडी पडली. पाहुण्यानं खाणं सोडलं. आधी अळ्या सोडल्या, मग पाला, मग जास्वंदही. दिवा लागला तरी दगडावर यायचा नाही, कोपऱ्यातल्या लाकडी ओंडक्याखाली घुसून झोपायचा. सातला पप्पा पेटीपुढे उभे राहिले, खाकरले, जय भीम म्हणाले. ओंडक्याखालून शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं.

चार दिवस पप्पांनी वाट पाहिली. त्यांचा चेहरा बघवेना. पहिल्या दिवशी ते रागावले होते, दुसऱ्या दिवशी त्यांना अपमान वाटत होता, तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?" लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हा प्रश्न तिने पहिल्यांदा ऐकला असं ती म्हणते. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की पाहुणा आजारी आहे आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचं. मी म्हटलं, थंडीत हे प्राणी झोपतात, मी वाचलंय. पप्पा म्हणाले, वाचून कुणी बरं झालेलं मी पाहिलं नाही.

औंधला एक तरुण डॉक्टर बाई होती, कुत्र्यामांजरांपलीकडचे प्राणी बघणारी. मी सुट्टी टाकली. रिक्षात पप्पांनी खोकं मांडीवर घेतलं होतं, त्यावर स्वतःची शाल पांघरली होती आणि प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाल्याला सूचना देत होते.

डॉक्टरनं पाहुण्याचं वजन केलं, पोट चाचपलं, तोंडात बघितलं. म्हणाली, काही झालेलं नाही. हिवाळ्याची झोप आहे. वजन टिकून आहे, पाणी दाखवत राहा, थंडी ओसरली की उठेल. पप्पांनी श्वास सोडला. मग टेबलाजवळ जाऊन ते ताठ उभे राहिले आणि वरून म्हणाले, "जय भीम. उठा आता."

दवाखान्यातल्या दिव्यानं ऊब मिळाली होती म्हणून असेल, पाहुण्यानं डोळे उघडले. पप्पांकडे पाहिलं. आणि उजवा हात उचलून हळूहळू गोल फिरवला.

पप्पांचा चेहरा उजळला. ते डॉक्टरकडे वळून म्हणाले, "बघितलंत? रोज करतो. फक्त मला."

मी भिंतीवरचा सशांचा तक्ता वाचायला लागले.

डॉक्टर सरळ बाई होती, तिच्या मनात काही नव्हतं. ती म्हणाली, "काका, थोडे खाली वाकून याल का? तो तुम्हाला घाबरतोय."

"घाबरतोय?"

"हो. याला वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी वाटतो. त्याच्या डोक्यावर बघा, हा ठिपका दिसतोय? तिसरा डोळा म्हणतात त्याला."

पप्पांना तेवढ्यातही राहवलं नाही. "तिसरा डोळा वगैरे आमच्यात मानत नाहीत. चमत्कार नकोत."

"चमत्कार नाही काका, त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. वरून कुणी आलं की कळतं. म्हणून तो हात फिरवून सांगतोय की मी लहान आहे, माझ्यापासून तुम्हाला धोका नाही, मला मारू नका."

दवाखान्याबाहेर एक कुत्रं भुंकत होतं. पप्पा टेबलापासून दोन पावलं मागे सरकले. त्यांनी पाठीमागे बांधलेले हात सोडले आणि त्यांचं काय करावं हे न कळल्यासारखे ते शर्टाच्या कडेला धरून उभे राहिले. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

परतताना विद्यापीठाच्या चौकापर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला एकही सूचना दिली नाही. मग खोक्याकडे बघत म्हणाले, "माझ्या वडिलांना मी चावडीपुढे हात जोडून उभं राहिलेलं बघितलंय. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला, नंतर कुणापुढे असे उभे राहिले नाहीत. मी जन्मभर तुम्हा पोरांना तेच सांगत आलो. कुणाला भिऊन राहू नका. आणि माझ्याच घरात हा रोज सकाळी..."

सिग्नल सुटला.

"आणि मी त्याची प्रतवारी लिहिली," ते म्हणाले. "अदबशीर म्हणून."

मला वाटलं आता काहीतरी हलकं बोलावं. त्याआधीच पप्पांनी विचारलं,

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"महिना झाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

याला माझ्याकडे दोन-तीन तयार उत्तरं होती. पाहुण्याला घालवून द्याल म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आईने सांगितलं म्हणून. तिशीची बाई मी, नोकरी करणारी, पप्पांच्या शेजारी रिक्षात बसले होते, आणि जिन्याखाली स्कूटर वाजली की पुस्तक उघडायचे तसा मी फोन उघडला.

पप्पा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे तूही हातच वर केलास."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. पप्पांनी खिशातून रुमाल काढून दिला. तो अर्थातच इस्त्रीचा होता, चौकोनी घडी घातलेला, आणि त्याला नाक पुसायची मला भीती वाटली. ते पप्पांच्या लक्षात आलं. "पूस," ते म्हणाले. "रुमालच आहे."

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते प्रोबेशनचं. आईला बोलावून म्हणाले, "पाहुण्याला आता कायम केलं. वागणूक बघायची नाही." मी इतके दिवस ज्याला भीत होते ते असं एका वाक्यात संपलं. आई म्हणाली, "एवढ्यासाठी औंधपर्यंत गेलात होय?"

थंडी सरली, पाहुणा उठला आणि पप्पांनी स्वतःला शिकवायला घेतलं. आमच्याकडे गुरुवार हा दुरुस्तीसाठी लाईट जायचा वार. पेटीतला दिवा बंद पडायचा, म्हणून पाहुण्याला ऊन दाखवायला गच्चीवर न्यावं लागे. आधी हे काम आईकडे होतं. आता गुरुवारी सकाळी पप्पा चटई, वर्तमानपत्र आणि पाहुणा घेऊन वर जाऊ लागले. पहिल्या गुरुवारी मी घरून काम करत होते, डोकावायला गेले. पप्पा इस्त्रीच्या शर्टात चटईवर पालथे पडले होते. हनुवटी हातांवर टेकवलेली. हातभर अंतरावर पाहुणा. दोघं एकमेकांकडे बघत होते. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून पापड वाळत घालणाऱ्या दोन बायका दोघांकडे बघत होत्या.

"पप्पा, शर्ट मळेल."

"मळू दे. हळू बोल. आणि उभी राहू नकोस अशी वरून."

मी खाली बसले. पाहुण्यानं हात अर्धा उचलला, विचार केला आणि खाली ठेवला.

"मगाचपासून अर्धाच येतोय," पप्पा कुजबुजले. बढतीचा आदेश हातात पडल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

सकाळचा सातचा कार्यक्रमही बदलला. पप्पा लांबूनच वाकून येत, पेटीसमोर पाटावर बसत आणि मग बोलत. जय भीम त्यांनी सोडलं नाही. म्हणाले, माझं मी म्हणणार, त्याने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. खालचे मास्तर एकदा सकाळी वर्तमानपत्र मागायला आले तर पप्पा पाटावर. मास्तर म्हणाले, "काय, आता तुम्ही त्याच्या हाताखाली लागलात वाटतं?" पप्पा म्हणाले, "हो. साहेब चांगले आहेत."

मार्चमध्ये हात उचलणं पूर्ण बंद झालं. पप्पा समोर बसले तरी पाहुणा आपला पोट पसरून दगडावर पडलेला, डोळे मिटलेले. इतकं दुर्लक्ष माझ्या वडिलांकडे आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते एवढे खूश झालेलेही मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी रजिस्टर काढलं. या वेळी त्यांनी मला हाक मारून शेजारी बसवलं आणि लिहिता लिहिता दाखवलं. 'वरिष्ठांशी वागणूक' या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी पट्टी घेतली, 'वरिष्ठांशी' या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'घरच्यांशी'. पुढे लिहिलं: भीत नाही.

सहकाऱ्याचा मेल त्याच सुमारास आला. त्याचा तीन महिन्यांचा मुक्काम वाढून तीन वर्षांचा झाला होता, आता पाहुणा तिकडे नेणं शक्य नाही, मी ठेवून घेईन का, आणि तो अजून ते गोड टाटा करतो का, असं त्यानं विचारलं होतं. मी लिहिलं, ठेवून घेते. टाटा करत नाही. त्यानं रडवेल्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं.

मग एप्रिलमधली एक सकाळ. पप्पा पाटावर, मी चहा घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर. पाहुणा ओंडक्यावर चढला, सगळ्यात उंच जागी जाऊन बसला, दाढी फुगवली आणि पप्पांकडे बघत मान जोरजोरात खालीवर हलवायला लागला. हे त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

"याचा अर्थ काय?" पप्पांनी विचारलं.

मला अर्थ माहीत होता, बसमध्ये बसून सगळं वाचून काढलं होतं. क्षणभर जुनी सवय आडवी आली, काहीतरी बरं वाटेल असं सांगावं. मी कप खाली ठेवला.

"तो म्हणतोय की इथला मालक मी आहे. तुम्ही जरा सांभाळून राहा."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीच्याच फाईल काढायच्या नजरेनं. मी नजर खाली घातली नाही. मग ते पाहुण्याकडे वळले. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्यांनी जरा मागे सारली, उजवा हात उचलला, हवेत सावकाश गोल फिरवला आणि गुडघ्यावर ठेवला. पुन्हा एकदा उचलला. या वेळी फिरवताना ते माझ्याकडे बघत होते.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "झालं असेल तर चहा प्या, निवतोय."